फायबरचं कडं बसवलेले पिस्टन : आठ महिन्यांच्या कामानंतर

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. डिझेल पिस्टनचं टर्निंग, म्हणजे लेथवर फिरवून कापणं, हे रोजचंच काम. गेल्या पावसाळ्यापासून एक वेगळा जॉब घेतलाय : पिस्टन नेहमीचा अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा, पण वरच्या रिंगच्या खाचेपाशी अल्युमिना फायबरचं (सिरॅमिकच्या बारीक तंतूंचं) कडं ओततानाच आत घातलेलं, म्हणजे पातळ धातू त्या तंतूंमध्ये भिनतो. टोयोटानं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल पिस्टनमध्ये हेच केलं होतं.

झिजेच्या बाबतीत माल खरोखर चांगला. गिऱ्हाइकाच्या टेस्ट बेंचवरून परत आलेल्या पिस्टनच्या खाचा मी स्वतः मोजल्या. साध्या पिस्टनपेक्षा झीज स्पष्ट कमी होती.

त्रास झाला तो मापाचा. पहिल्याच आठवड्यात मेस्त्री म्हणाले, "मालक, चकात गोल हाय, सोडला की अंडं व्हतंय." रिंगच्या भागात 18 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) फरक! चक, म्हणजे लेथवर जॉब धरणारा जबडा, बदलला, टूल बदललं, काही उपयोग नाही. मग रात्री कागद घेऊन बसलो. ही मिश्रधातू दर अंशाला मीटरमागे साधारण 20 मायक्रॉन आखडते, अल्युमिना साधारण 8. ओतकामानंतर 500 अंश उतरताना मीटरभर धातूला 10 मिलिमीटर आखडायचं असतं आणि फायबरला 4. दोघं एकमेकांना घट्ट चिकटलेले, मग धातू ताणात राहतो आणि फायबर दाबात. हजारात 6 चा हा फरक धातूला नुसत्या लवचिकपणावर पेलत नाही, तो थोडा कायमचा ताणला जातो. उरलेला ताण आतच राहतो. शिवाय कड्याचा पट्टा कमी आखडतो, खालचा साधा धातू जास्त. आपण वरचा थर कापला की हा सगळा तोल बिघडतो. पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या बाजूला धातू जाड असल्यामुळे ताण चहूबाजूंनी सारखा सुटत नाही, म्हणून ते अंडं.

माझी मोठी चूक इथे झाली. फाउंड्रीला सांगून कास्टिंग भट्टीतच सावकाश निववायला लावली. फरक जेमतेम पडला, वर कडकपणा उतरला. सावकाश निववल्यानं आत-बाहेरच्या तापमानातला फरक जातो, पण फायबर आणि धातू यांच्या आखडण्यातला फरक तसाच राहतो. हे आधी लक्षात आलं असतं तर एक अख्खा लॉट वाचला असता. अजून हळहळ वाटते.

आता रफ टर्निंगमध्ये अर्धा मिलिमीटर माल ठेवतो, 220 अंशांना सहा तास ओव्हनमध्ये ठेवतो आणि मगच फिनिश करतो. फरक 5-6 मायक्रॉनवर आलाय. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे 196 अंशांना, वीस जॉब बुडवून आणले. एवढ्या थंडीत धातू आणखी ताणला जातो आणि परत खोलीच्या तापमानाला आला की आतला ताण कमी भरतो. थोडा फायदा दिसला, पण आमच्या भावात तो खर्च बसत नाही.

कार्बाइडच्या टिपा फायबरपुढे लगेच बोथट होतात, पीसीडी (कृत्रिम हिऱ्याच्या टोकाचं) टूलच लागतं. स्वतःचा ओव्हन नसेल तर हा जॉब घेऊ नका. बाहेरून उष्णतोपचार करून आणण्यात आमचे पहिले दोन महिने गेले.

डाय पेनिट्रंटला, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगाच्या तपासणीत, तीन पिस्टन कड्याच्या काठावर केसाएवढी चीर दाखवून गेले. कापून पाहिले तर तिथे कड्यात धातू पूर्ण भिनलाच नव्हता. पुढच्या लॉटसाठी कडं जास्त तापवून ओतायला सांगितलंय.