बत्तीस मिलिमीटरची आगगाडी आणि सात रुपयांची ओ-रिंग : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीत घेतलेल्या वाफेच्या छोट्या, हौशी इंजिनाबद्दल काही लिहिण्याचा माझा विचार नव्हता. पाडव्याच्या संध्याकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांनी केलेल्या लोहगडाला आगगाडी चौथा वेढा घालत असताना, बॉयलरच्या पाणी भरण्याच्या बुचाखालची ओ-रिंग फाटली. सुईएवढ्या फटीतून वाफेची पांढरी पिचकारी उभी राहिली आणि दोरीच्या पलीकडे बसलेल्या पंचवीस-तीस मुलांनी तो कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. इंजिन अर्ध्या फेरीतच थांबले. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत एका रबरी कडीपायी जो पत्रव्यवहार, जी पायपीट आणि जो हिशेब करावा लागला, तो वाया जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

इंजिन नेहमीच्या प्रकारातले आहे. चार चाके, दोन सिलिंडर, गॅसवर तापणारा आणि चांदीने झाळलेला तांब्याचा बॉयलर, दर चौरस इंचाला ४० पौंड दाबावर उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. रेडिओ कंट्रोल नाही. प्रमाण १:१९, म्हणजे खऱ्या गाडीच्या १९ पट लहान, आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ३२ मिलिमीटर. हे गेज निवडण्यामागे एकच कारण होते. ३२ ला १९ ने गुणले की जवळजवळ ६१० मिलिमीटर येतात, म्हणजे दोन फूट, आणि दोन फूट म्हणजे १९०७ साली सुरू झालेली आपली नेरळ-माथेरानची गाडी. निर्मात्याचे आणि विक्रेत्याचे नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती मला माझ्यापुरतीच ठेवायची आहे.

तयार इंजिनाऐवजी सुटे भाग मागवले, कारण त्यात सुमारे वीस हजार रुपये वाचत होते. त्यातले किती कस्टममध्ये गेले हे घरी अजून पूर्णपणे सांगितलेले नाही. मात्र जोडणीचे तीन आठवडे हा या खरेदीतला सर्वांत निर्भेळ आनंदाचा काळ होता, हे आजही म्हणेन. रात्री जेवणाचे टेबल रिकामे झाले की त्यावर जुने वर्तमानपत्र पसरायचे, एकेक पुर्जा घासून बसवायचा आणि चाक हाताने फिरवून कुठे अडते ते पाहायचे. विस्तव लावण्याआधी सायकलच्या पंपाने सिलिंडरांत हवा सोडली आणि चाके पहिल्यांदा आपली आपण फिरली, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. झोपलेल्या मुलाला उठवून ते दाखवले, याबद्दल दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावे लागले.

रूळ बाहेरून मागवण्याचा खर्च पाहून तो बेत लगेच सोडला. दहा बाय तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून वजनावर आणलेले सागवानाचे तुकडे, एवढ्यात गच्चीवर साडेबारा मीटरची लंबगोल वाट तयार झाली. एकेक मीटरचे तुकडे केल्यामुळे ती उचलून खालीही नेता येते. उन्हात गच्ची तापते आणि पहाटेच्या मानाने तीस अंशांचा फरक पडला की एवढ्या लांबीत लोखंड साधारण साडेचार मिलिमीटर वाढते. म्हणून सांध्यांत फट ठेवली. हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते गच्चीचे. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून प्रत्येक गच्चीला उतार असतो; आमच्याकडे तो शंभराला एक निघाला. भोर घाटातल्या १८६३ च्या रेल्वेमार्गाचा चढ सदतीसाला एक आणि माथेरानचा विसाला एक असल्यामुळे आमचा उतार मला किरकोळ वाटला होता. परंतु ज्या इंजिनावर चालक बसलेला नाही ते उताराला सुसाट सुटते आणि चढाला मान टाकते. शेवटी एका गवंड्याकडून त्याची लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली, तिच्यात पाणी भरले आणि विटांचे तुकडे सरकवत दोन रविवार घालवून वाट समपातळीत आणली.

आता चालवण्याविषयी. इन्व्हर्टरसाठी मिळते तेच डिस्टिल्ड वॉटर सिरिंजने भरायचे, तेलाच्या डबीत तेल आणि टाकीत ब्युटेन भरायचा, चिमणीच्या तोंडाशी लायटर धरायचा. ‘भप्प’ असा आवाज होऊन ज्योत आत शिरते आणि सहा-सात मिनिटांत वाफ तयार होते. पुढची वीस मिनिटे गाडी धावते. पाणी संपण्याआधी गॅस संपेल इतकीच गॅसची टाकी दिलेली असते, ही मला या यंत्रातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. सुरुवातीला थंड सिलिंडरांत वाफेचे पाणी होते, आणि इंजिन हाताने पुढे-मागे ढकलून ते काढले नाही तर चिमणीतून तेलकट पाण्याचा शिडकावा होतो. एप्रिलमध्ये हा शिडकावा शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर झाला. तेव्हापासून चैत्र-वैशाखात गाडी सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, असा अलिखित करार आहे.

तेलाबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण नवखे लोक इथेच पैसे वाचवायला जातात. मीही गेलो होतो. मोटारसायकलचे तेल ओल्या वाफेने धुऊन जाते. त्यासाठी ४६० ग्रेडचे, काकवीसारखे दाट स्टीम सिलिंडर तेल लागते. डबीत शिरलेल्या वाफेचे पाणी होऊन ते तळाशी बसते आणि तितकेच तेल वर उचलले जाऊन सिलिंडरांकडे जाते, इतकी साधी ही व्यवस्था आहे. दुकानदाराने वीस लिटरची बादली दाखवली. एका ओळखीच्या कारखानदाराने अर्धा लिटर फुकट दिले. एका खेपेला दोन मिलिलिटर लागतात, म्हणजे अडीचशे खेपांची सोय झाली.

परदेशी माहितीपत्रकात गॅस थंडीत मंदावतो म्हणून टाकी कोमट पाण्यात ठेवा, असे लिहिलेले असते. पुण्याच्या मे महिन्यात नेमके उलटे करावे लागते. डब्यातला गॅस टाकीत उतरण्यासाठी टाकी डब्यापेक्षा थंड हवी. मी माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके तिच्यावर पाच मिनिटे ठेवतो. पावसाळ्याचे चार महिने गाडी बंदच होती आणि सप्टेंबरात रूळ पॉलिश पेपरने घासावे लागले, याखेरीज त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

खरे सांगायचे तर मार्चअखेरीस मला या इंजिनाचा कंटाळा येऊ लागला होता. एकट्याने गच्चीवर बसून, गोल फिरणाऱ्या वस्तूकडे किती वेळा पाहणार? पेशवे पार्कातल्या फुलराणीत मी लहानपणी बसलो आहे, मुलाला कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय तीनदा दाखवले आहे, आणि दोन्ही ठिकाणची मजा गाडीइतकीच सोबतच्या गर्दीत होती, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. ते आणून दिले आमच्या इमारतीतल्या एका काकांनी. दौंडच्या शेडमध्ये त्यांनी आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर म्हणून बरीच वर्षे काढली आहेत. आता मोतीबिंदूमुळे त्यांना नीटसे दिसत नाही. एका संध्याकाळी आवाज ऐकून ते जिना चढून वर आले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि दोन फेऱ्यांनंतर म्हणाले, “तुमच्या इंजिनाचा तिसरा ठोका पांगळा आहे.”

दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके, म्हणजे वाफ बाहेर पडण्याचे आवाज, पडतात, हे मी वाचलेले होते. परंतु दोन महिन्यांत ते मोजण्याची बुद्धी मला झाली नव्हती. गाडीचा वेग हाताने कमी करून ऐकले, तर तिसरा ठोका खरोखरच दबका होता. उजव्या बाजूच्या, सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्याची आटी अर्धा फेरा फिरवली आणि चारही ठोके सारखे झाले. त्यानंतर काकांनी इंजिन थंड झाल्यावर हातात घेतले, बोटांनी चाचपले आणि विचारले, “ह्याला लेड प्लग कुठाय?” मोठ्या इंजिनात पाणी कमी झाले की फायरबॉक्सच्या माथ्यावरचा हा डाट वितळतो आणि विस्तवावर वाफ सुटते. यात तो नाही, आधी गॅसच संपतो, असे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “बरंय. आम्हाला अशी सोय नव्हती.”

काका येऊ लागले तशी मुले येऊ लागली, मुलांमागून आजी-आजोबा आले, आणि दर रविवारची सकाळ ठरून गेली. दहा वर्षांवरच्या मुलांना मी पाणी व तेल भरू देतो. विस्तव आणि गॅस फक्त मोठ्यांनी हाताळायचा. एका मुलाने विचारले की हुबेहूब लहान केलेले इंजिन इतक्या लवकर थंड का होते. त्याला उत्तर देताना मलाच ते नीट समजले: १९ पट लहान केले की पोटातले पाणी ६,८५९ पट घटते, पण अंगाचे क्षेत्र ३६१ पटच घटते, म्हणून उष्णता मानाने १९ पट जास्त वाया जाते. त्याने लगेच बॉयलरला स्वेटर सुचवला. आता पितळी वेष्टणाखाली कॉर्कचा पातळ पत्रा आहे आणि गाडी दोन मिनिटे जास्त धावते. दिवाळीत किल्ल्याभोवती रूळ टाकायचे ठरले, तेव्हा ‘महाराजांच्या किल्ल्याला आगगाडी कशी?’ असा आक्षेप निघाला होता. तो एका सातवीतल्या मुलीने निकालात काढला: “किल्ला लोहगड करा की. पायथ्याला मळवली स्टेशन आहेच.”

आणि तिथेच ती ओ-रिंग फाटली.

सहा मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची ही वस्तू आहे. विक्रेत्याला त्याच रात्री पत्र लिहिले. अकरा दिवसांनी उत्तर आले: पाच रिंगांचे पाकीट साडेचार पौंड, टपालखर्च चौदा पौंड. म्हणजे सुमारे एकवीसशे रुपये. वर ‘मान्यताप्राप्त तेलच वापरले होते ना?’ अशी विचारणा. तेलाचा आणि बुचाचा काय संबंध, हे मी तीन परिच्छेदांत विचारले. त्याला उत्तर आले नाही. हजारो मैलांवर ज्याचे सुटे भाग मिळतात असे यंत्र विकताना दोन जास्तीच्या रिंगा खोक्यात टाकल्या असत्या तर कोणाचे काय बिघडले असते, हा प्रश्न मला आजही छळतो. त्यापायी मी या परीक्षणात इंजिनाचे दोन तारे कापणार होतो.

उत्तराची वाट पाहत असतानाच नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात पाच रुपयांना मापाची रिंग मिळाली होती. तिसऱ्या खेपेला ती कडक होऊन चिरली. साधे नायट्रायल रबर साधारण शंभर अंशांपर्यंत बिनघोर चालते, आणि ४० पौंड दाबाची वाफ १४१ अंशांची असते. घरात मी हे तावातावाने सांगत असताना सौ. म्हणाली, “अहो, आपल्या कुकरची रिंगसुद्धा वर्षाला बदलावी लागते, आणि त्याला एवढा दाबही नसतो.” कुकर पंधरा पौंडांवर चालतो. हा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला. पुढे कोणी ईपीडीएम नावाचे रबर सुचवले. ते वाफेला उत्तम, पण खनिज तेल लागले की फुगते. अखेर भोसरीत व्हिटॉन नावाच्या रबराच्या रिंगा मिळाल्या, ज्या दोनशे अंश आणि तेल दोन्ही सोसतात. दुकानदार पन्नासच्या खाली द्यायला तयार नव्हता. साडेतीनशे रुपये दिले, म्हणजे एक रिंग सात रुपयांना पडली. नवीन रिंग बसवून आतापर्यंत नऊ खेपा झाल्या आहेत आणि बूच कोरडे आहे.

वरचा मजकूर लिहून ठेवल्यावर दोन दिवसांनी साध्या टपालाने विक्रेत्याचे एक पाकीट आले. त्यात तीन रिंगा, पैसे मागितलेले नाहीत, आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी: बूच पकडीने आवळू नका, बोटांनी लावले की पुरते. मी पाडव्याला, मुले पाहत आहेत म्हणून, बूच पकडीनेच आवळले होते. तेव्हा एक तारा परत देतो. दुसरा तेलाबद्दलच्या त्या प्रश्नासाठी राखून ठेवला आहे.

हे इंजिन घ्यावे का, असे विचारणाऱ्यांना मी सोसायटीत गच्ची मोकळी आहे का आणि खाली मुले आहेत का, असे उलट विचारतो. एकट्याच्या खोलीत शोकेसमध्ये ठेवायचे असेल तर इतक्या पैशांत विजेवरची पूर्ण गाडी येते. रिंगांचे म्हणाल, तर इतर तिघांना वाटून पन्नासांपैकी एकेचाळीस माझ्याकडे हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत शिल्लक आहेत. भोसरीच्या त्या फेरीत कुकरची रिंगही आणायला सांगितली होती. ती मात्र राहून गेली.