श्टुटगार्टमधील एक ड्रायव्हिंग स्कूल: रस्त्यावर उत्तम, काउंटरवर बेभरवशाचे

एमएच १२ ने सुरू होणारे लायसन्स खिशात घेऊन मी नोकरीनिमित्त पुण्याहून श्टुटगार्टला आलो, तेव्हा ते इथे किती दिवस चालेल याचा मी विचारही केला नव्हता. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय लायसन्सवर सहाच महिने गाडी चालवता येते. त्यानंतर स्टिअरिंगवर बसणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना ठरतो, मग मायदेशी त्याने माझ्यासारखी १४ वर्षे गाडी चालवलेली असो वा ४०. स्वित्झर्लंड, जपान, दक्षिण कोरिया अशा देशांच्या चालकांना परीक्षा न देता लायसन्स बदलून मिळते. भारत त्या यादीत नाही. श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे खरे, पण त्या नात्याची सवलत परवाना कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचलेली नाही.

या प्रक्रियेला इथे ‘उमश्रायबुंग’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर सातबाऱ्यावर नाव चढवण्यासारखे काहीतरी वाटते; प्रत्यक्षात भारतीय लायसन्सधारकाला लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. सवलत एकच, पण ती मोठी आहे: नवशिक्या उमेदवाराला सक्तीचे असलेले तास आपल्याला सक्तीचे नसतात. मोटारीच्या लायसन्ससाठी नवशिक्याने दीड-दीड तासाचे १४ लेखी वर्ग आणि १२ ‘विशेष’ फेऱ्या, म्हणजे गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच, आउटोबानवर (द्रुतगती महामार्गावर) चार आणि अंधारात तीन, पूर्ण करायच्या असतात. आपण मात्र गरजेपुरते तास घेऊन थेट परीक्षेला बसू शकतो. परीक्षेसाठी नाव नोंदवायला आणि गाडी मिळवायला ड्रायव्हिंग स्कूल लागतेच, आणि हा अभिप्राय मी ज्या स्कूलमध्ये गेलो त्याविषयी आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही.

तक्रार आधी सांगतो, कारण ती पैशांची आहे. नावनोंदणीच्या दिवशी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने माझ्यापुढे जे पॅकेज ठेवले, त्यात सर्व लेखी वर्ग आणि १२ विशेष फेऱ्या धरलेल्या होत्या. भारतीय लायसन्स असल्याने त्या मला लागू नाहीत असे सांगितल्यावर ‘आमच्याकडे सगळेच करतात’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी मी परवाना कार्यालयाचे पत्र नेऊन दाखवले, तेव्हा आकडा मुकाट्याने खाली आला; दिलगिरी व्यक्त करण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही. सुमारे हजार युरोंचा हा फरक होता, आणि जर्मन वाचता न येणाऱ्या, नुकत्याच आलेल्या माणसाने ती सही निमूटपणे केली असती. ही फसवणूक होती की अज्ञान, याचा निवाडा मी करत नाही, परंतु ज्या स्कूलचा धंदाच या नियमांवर चालतो त्याला अज्ञानाची सबब शोभत नाही.

कागदपत्रांचे फारसे कौतुक नाही. लायसन्सचे जर्मन भाषांतर, बायोमेट्रिक छायाचित्र, चष्म्याच्या दुकानात साडेसहा युरोंच्या आत होणारी दृष्टितपासणी आणि एका दिवसाचा प्रथमोपचार वर्ग एवढे जमवून अर्ज करायचा आणि वाट पाहायची. लेखी परीक्षा जर्मनखेरीज १२ भाषांत देता येते; त्यांत मराठी किंवा हिंदी नाही, इंग्रजी आहे. एकूण ३० प्रश्नांत चुकांचे १० गुण चालतात, पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर तिथेच नापास. स्कूलने दिलेले सरावाचे ॲप उत्तम होते. तरीही प्रश्नसंच हजाराहून अधिक प्रश्नांचा असल्याने रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास त्यावर घालवावा लागला. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात चालकाच्या प्रतिक्रियेचे अंतर १५ मीटर आणि ब्रेकचे २५ मीटर, मिळून ४० मीटर, आणि वेग १०० झाला की तेच अंतर १३०, हे गणित मला १४ वर्षांत कोणी विचारले नव्हते.

या स्कूलचे खरे मोल त्यांच्या शिक्षकात आहे. साठीकडे झुकलेल्या या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी एकमेकांना ‘डू’ म्हणू या, म्हणजे आपले अरे-तुरे चालेल, असे सुचवले. वडिलांच्या वयाच्या माणसाला तसे संबोधणे मला शेवटपर्यंत जमले नाही. मला गाडी येते हे त्यांनी पाच मिनिटांत ओळखले आणि पुढचे सर्व तास, जे येत होते त्यातले काय सोडायचे, यावर खर्च केले. इंडिकेटर द्यायचा म्हणून स्वच्छ उन्हात वायपर चालू करणे ही उजव्या-डाव्याची गंमत दोन दिवसांत संपली. अवघड होते ते ‘रेख्ट्स फोर लिंक्स’, म्हणजे ज्या चौकात फलक किंवा सिग्नल नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे. श्टुटगार्टच्या पश्चिम भागातील गल्ल्यांत, जिथे दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, असे चौक पावलोपावली लागतात. आपला रस्ता रुंद आणि उजवीकडची गल्ली बोळवजा असली, तरी मान त्या बोळाचा. ज्याने नाक आधी घातले तो पुढे, या पुणेरी शिस्तीत वाढलेला माझा पाय पहिल्या तासाला तिथे ॲक्सिलरेटरवरच होता. गाडी थांबली, कारण ब्रेक त्यांनी दाबला. मग ते शांतपणे म्हणाले की परीक्षेत माझा पाय हलला तर तुझी परीक्षा तिथेच संपते.

दुसरा धडा मानेचा. आरसा पाहिला म्हणजे झाले, असे इथे कोणी मानत नाही; लेन बदलताना आणि उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे प्रत्यक्ष पाहावे लागते, कारण उजव्या बाजूने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराचा हक्क आपल्या आधी असतो. त्याला ओलांडायचे तर गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचे. सुरुवातीला मी मान वळवण्याचे नाटक करत असे. हे लक्षात येताच शिक्षक मागे काय दिसले ते मोठ्याने सांगायला लावू लागले, आणि तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये ‘निळी सायकल, लाल टोपी’ असे ओरडत मी अर्धे शहर फिरलो. आउटोबानवर चढताना प्रवेशमार्गाच्या टोकाशी कचरून वेग कमी करण्याची माझी सवय त्यांनी एकाच दुपारी मोडली. वाटीसारख्या खोलगट वसलेल्या या शहरातील चढ आणि रुळांवरून येणारी श्टाटबान (शहरातली ट्राम) यांचा सरावही त्यांनी न मागता करून घेतला.

प्रात्यक्षिक परीक्षा ५५ मिनिटांची असते, त्यातील निदान अर्धा तास प्रत्यक्ष रस्त्यावर. परीक्षक मागच्या सीटवर बसतो आणि सूचना जर्मनमध्येच देतो. तो काही बोलला नाही तर सरळ जायचे. शिक्षकांनी या ठरावीक वाक्यांचा सराव शेवटच्या चार तासांत फक्त जर्मन बोलून घेतला होता. मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. नवे कार्ड १५ वर्षे वैध आहे, आणि ते हाती देताना कार्यालयाने माझे पुण्याचे लायसन्स ठेवून घेतले, याचे थोडे वाईट वाटले.

हिशेब असा: नोंदणी ३०० युरो, ४५ मिनिटांचा एक याप्रमाणे १४ तासांचे ९१० आणि परीक्षेच्या दिवसाचे १९०. परीक्षा-संस्थेचे शुल्क, कार्यालयाचे शुल्क आणि कागदपत्रे धरून एकूण सुमारे सतराशे. स्वस्त नाही, पण शिक्षक तास वाढवत नव्हते, उलट शेवटचे दोन तास त्यांनीच रद्द केले. शिकवण्यासाठी मी या स्कूलला पाचपैकी पाच तारे देईन, कार्यालयीन व्यवहारासाठी दोन.

भारतीय लायसन्सवर माझी मोटारसायकलही नोंदलेली होती, परंतु तिच्यासाठी इथे वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा असल्याने मी ती तूर्त सोडून दिली. पुढल्या उन्हाळ्यात ती परीक्षा याच शिक्षकांकडे शिकून देण्याचा विचार आहे, मात्र खर्चाचा तपशील आधी लेखी घेईन आणि परवाना कार्यालयाचे पत्र पहिल्याच दिवशी सोबत नेईन.