रविवारी संध्याकाळी विकली गेलेली हिमालयन : जुनी टूरिंग गाडी घेताना झालेली फसवणूक

नाशिकमध्ये महामार्गालगतच्या एका जुन्या दुचाकींच्या दुकानातून मी रॉयल एनफील्डची 2019 ची हिमालयन 411 सव्वा लाखाला घेतली आणि त्या एका व्यवहारात माझी तीन प्रकारे फसवणूक झाली. मीटर मागे फिरवलेला होता, समोरून झालेला मोठा अपघात लपवलेला होता आणि फायनान्स कंपनीचे कर्ज फिटल्याचे जे पत्र मला दाखवले गेले ते बनावट होते. प्रकरण चालू असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहीत आहे, कारण हीच पद्धत दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या गाडीवर जशीच्या तशी वापरता येते आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर अशा गाड्यांना गिऱ्हाईक भरपूर असते.

सव्वा लाखाच्या आत दोघांना सामानासह लांब नेणारी गाडी हवी असेल तर नव्या गाडीत फारसा वाव राहत नाही, म्हणून माणूस जुन्याकडे वळतो. अ‍ॅव्हेंजर 220 वर बसायला आराम असतो, पण ती जमिनीलगत चालते आणि खराब रस्त्यावर खाली घासते. डॉमिनार 400 महामार्गावर उत्तम. माझे फिरणे मात्र भंडारदरा, सापुतारा, कोकणातले घाट अशा रस्त्यांवरचे असल्याने 21 इंचांचे पुढचे चाक, 220 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) आणि 15 लिटरची टाकी असलेली हिमालयन मला योग्य वाटली आणि गाडी म्हणून ती निवड मला आजही योग्यच वाटते. या रकमेत शोधणाऱ्याला नेमके काय हवे असते हे विकणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते : फर्स्ट ओनर, कमी रनिंग, बॉक्स लावायचे कॅरिअर बसवलेले, टायर नवे. माझ्यासमोर उभी केलेली गाडी या चारही गोष्टींत चोख होती.

मला बोलावले ते रविवारी संध्याकाळी. त्या वारामागचा हेतू पुढे सगळा उलगडा झाल्यावर लक्षात आला. रविवारी आरटीओ बंद, फायनान्स कंपनीची शाखा बंद आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरलाही सुट्टी. गाडीबद्दल विकणाऱ्याच्या हाताबाहेरची माहिती जिथून मिळू शकते अशी तिन्ही दारे त्या दिवशी लागलेली असतात. "साहेब, ठाण्याच्या डॉक्टरांची गाडी आहे, फक्त रविवारी बाहेर काढायचे. पुण्याची पार्टी उद्या सकाळी टोकन टाकतेय, तुम्ही नाशिकचे म्हणून थांबवून ठेवली," असे मला सांगण्यात आले. डॉक्टरांशी बोलायचे म्हटल्यावर ते ओपीडीत असल्याचे उत्तर मिळाले. गाडी कोणालाही दाखवा, असे दुकानदार मोठ्या मनाने म्हणाला आणि चार दुकाने सोडून असलेल्या गॅरेजकडे बोट दाखवले. त्या मेकॅनिकने गाडी चालू करून कान लावला, चेन हलवून पाहिली आणि इंजिन खणखणीत असल्याचा निर्वाळा दिला. त्या गॅरेजचे आणि दुकानाचे रोजचे देणेघेणे आहे, हे नंतर समजले.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. "आत्ताच पाण्याने धुऊन सुकवायला चालू केली होती," हे कारण ऐकायला सरळ वाटते. पण गार इंजिन पहिल्यांदा चालू होताना जे सांगते ते गरम इंजिन सांगत नाही. व्हॉल्व्हचा आणि टायमिंग चेनचा आवाज, सुरुवातीला सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर, स्टार्टरला लागणारा वेळ, हे सगळे पहिल्या मिनिटात कळते. गाडी चालवून पाहण्यासाठी मला सर्व्हिस रोडचा लहानसा तुकडा दिला गेला. तेथे वेगही घेता येत नव्हता आणि जोरात ब्रेकही दाबता येत नव्हता.

खरा प्रकार उघड झाला तो वणीकडून सापुताऱ्याला जाताना. ओल्या उतारावर पुढे एक पिकअप अचानक थांबली, मी ब्रेक दाबला आणि पुढचे चाक जाम होऊन घसरले. या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे. ते चालू असताना चाक असे जाम होता कामा नये. आम्ही दोघेही पडलो नाही, हे नशीब. परत आल्यावर गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तेथील सल्लागाराने गाडीचा नंबर संगणकात टाकला आणि जुन्या नोंदी वाचून दाखवल्या. माझ्या मीटरवर अठरा हजार किलोमीटरही झालेले नव्हते. त्या नोंदींनुसार मात्र मी गाडी घेण्याच्या बऱ्याच आधीच तिचे 46 हजारांहून अधिक रनिंग झालेले होते. त्याच यादीत पुढे अपघातानंतरच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक होते : फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे), पुढचे चाक, डिस्क, हेडलाइट. खर्च पाहून ती दुरुस्ती तेथे झालीच नव्हती. म्हणजे ती बाहेर कुठेतरी, जमेल तशी, झाली होती.

त्यानंतर तेथील मेकॅनिकने मला जे दाखवले ते प्रत्येक खरेदीदाराने स्वतः पाहायला शिकावे असे आहे. त्याने गाडी मेन स्टँडवर घेतली, मला मागे दाबून धरायला सांगितले आणि अधांतरी झालेल्या पुढच्या चाकासह हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवले. मध्यावर येताच हातांना स्पष्ट खटका जाणवला. कोन सेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या, बेअरिंगला मार बसला की मधोमध अशी खाच पडते. मग त्याने हँडल पूर्ण डावीकडे वळवले. डावी मूठ टाकीला जवळजवळ टेकली, उजवीकडे मात्र मूठ आणि टाकी यांच्यात बोटभर जागा राहिली. हँडल जिथे अडते तिथे फ्रेमच्या नाकावर लोखंडाचा लहानसा कोंब असतो, त्याला स्टॉपर म्हणतात. समोरून जोराची धडक बसली की चाक फिरून हा कोंब चेपतो किंवा तुटतो. माझ्या गाडीचा डावा स्टॉपर वेल्डिंगने भरून घासलेला होता आणि त्यावर मारलेला काळा रंग फ्रेमच्या बाकीच्या रंगापेक्षा चकचकीत होता. टॉर्चच्या उजेडात ती जागा पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही.

पुढच्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटलेली निघाली. तिचे टोक टेपने गुंडाळून फोर्कमागे खोचून दिले होते. अशा वेळी मीटरवर एबीएसचा दिवा जळत राहायला हवा. तो जळत नव्हता, कारण मीटर उघडून त्या दिव्यावर आतून काळी टेप चिकटवलेली होती. मीटरच्या मागच्या स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे होते. किलोमीटर कमी करायला मीटर उघडला आणि त्याच हाताने धोक्याचा दिवाही झाकला, असा याचा अर्थ. मीटर फिरवून पैशांची लूट होते, पण दिवा झाकणाऱ्याने दोन माणसांचा जीव जाणूनबुजून पणाला लावला होता आणि मला सर्वांत जास्त संताप याच गोष्टीचा आहे. तपासणी अगदी सोपी आहे : चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की तो विझलाच पाहिजे. मुळात लागतच नसेल तर तेथून गाडी न घेता निघावे.

कमी रनिंगचा दावा मीटरवर नव्हे तर माणसाचा हात आणि पाय जिथे लागतात तिथे पडताळता येतो. मागच्या ब्रेकच्या पायपट्टीची किनार, गिअरच्या टोकावरचे रबर, डिस्कला बाहेरच्या कडेला आलेली वरंब्यासारखी धार, हे सगळे अठरा हजारांत इतके झिजत नाही. नव्या टायरचा आनंद मानण्याआधी त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या गाडीच्या "नव्या" टायरवर शेवटी 18 होते, म्हणजे टायर गाडीपेक्षाही जुना. तो कुठल्या गाडीवरून काढून, काळे पॉलिश मारून बसवला, हे देवच जाणे.

आता बोज्याविषयी, म्हणजे आरसीवर असलेल्या कर्जाच्या नोंदीविषयी. आरसीवर फायनान्स कंपनीचे नाव होते आणि दुकानदाराने ते लपवले नाही. उलट त्याने कर्जफेडीचे पत्र पुढे केले आणि "लेटर आलेले आहे, बोजा महिन्याभरात उतरतो" असे सांगितले. पत्रावर शाखेचा म्हणून एक मोबाइल नंबर होता. तो लावल्यावर पलीकडच्या माणसाने गाडीचा नंबर विचारून कर्ज बंद असल्याचे सांगितले. हा नंबर त्यांच्याच माणसाचा होता. पुढे कंपनीच्या खऱ्या शाखेत पत्राची प्रत घेऊन गेलो तेव्हा असे पत्र दिलेलेच नसल्याचे आणि हप्ते थकलेले असल्याचे मला सांगण्यात आले. बोजा उतरवण्यासाठीच्या फॉर्म 35 वर मालकासोबत फायनान्सरचीही सही लागते आणि ती नसेल तर गाडी निर्वेध नावावर होत नाही. पेठ रोडच्या आरटीओत माझा अर्ज याच मुद्द्यावर अडला. म्हणून पत्रावर छापलेला नंबर कधीही वापरू नये. कंपनीच्या संकेतस्थळावरून शाखा शोधून तेथे प्रत्यक्ष जावे आणि परिवहन पोर्टलवर वाहनाच्या नोंदीतून फायनान्सरचे नाव निघाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. बयाणा म्हणून लहान रक्कम द्यावी, तीही बँकेतून, आणि बोजा उतरला नाही तर ती परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्यावे. माझ्याकडून निम्मी रक्कम रोख मागितली गेली आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत "गाडी आहे त्या स्थितीत, तक्रार चालणार नाही" असे छापलेले होते.

मूळ मालकाच्या सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, हातात ठेवून गाडी तीन-चार हात फिरवण्याची सवय आपल्या बाजारात जुनी आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 50 प्रमाणे त्याच राज्यात गाडी विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंद बदलली नाही तर अपघाताची भरपाई नोंदणीवर नाव असलेल्या मालकाच्याच माथी येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला आहे. तेव्हा आपली जुनी गाडी विकणाऱ्यांनीही कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. याशिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घेणे अपेक्षित आहे आणि मालकाने गाडी अशा विक्रेत्याकडे सोपवल्याची सूचना पोर्टलवर द्यायची असते. दुकानात गेल्यावर सर्वांत आधी हे अधिकारपत्र मागावे. मला नंतर कळले त्याप्रमाणे आमच्या दुकानदाराकडे ते नव्हते.

विम्याकडे लोक फक्त मुदत पाहण्यापुरते बघतात. पॉलिसीवरचा क्रमांक घेऊन विमा कंपनीकडे मागील दाव्यांची चौकशी करायला मालकाला सांगावे. प्रामाणिक मालक ती करून देतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याच्या हप्त्याचा हिशेब नव्याने करावा लागतो. सव्वा लाख असतील तर गाडीवर एक लाखाच्या वर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टायर, चेन सेट, ब्रेक पॅड आणि एक पूर्ण सर्व्हिस यांना उरलेली रक्कम सहज लागते आणि ती हाताशी नसली की माणूस जुन्याच टायरवर घाट उतरतो.

ज्यांची अशी फसवणूक आधीच झालेली आहे त्यांनी गाडी दुरुस्त करून टाकण्याची घाई करू नये. सर्व्हिस सेंटरकडून नोंदींची छापील प्रत आणि दोषांचा लेखी अहवाल घ्यावा, स्टॉपर, वायर आणि मीटर यांचे फोटो आहे त्या स्थितीत काढावेत, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे जपून ठेवावे. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो आणि बनावट पत्राचा मुद्दा तक्रारीत वेगळा लिहावा, कारण पोलीस ठाण्यात "हा दिवाणी व्यवहार आहे" असे उत्तर मिळते तेव्हा तोच कागद उपयोगी पडतो. मला तसेच उत्तर मिळाले होते आणि फायनान्स कंपनीचे लेखी म्हणणे जोडल्यावर माझी तक्रार घेतली गेली. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, मग दुकान ठाण्याचे असो की पुण्याचे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करून ठेवल्यास तारखेचा पुरावा तयार होतो.

माझी तक्रार आयोगापुढे आहे आणि गाडी एबीएस दुरुस्त न करता, पुरावा म्हणून, तशीच झाकून ठेवली आहे. नाशिक परिसरात कोणी ठाणे पासिंगची, कॅरिअर लावलेली हिमालयन रविवारी संध्याकाळी दाखवत असेल तर सोमवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला नंबर सांगून नोंदी काढेपर्यंत थांबावे. "पुण्याची पार्टी" तोपर्यंत ती घेऊन गेली तर खुशाल नेऊ द्यावी.