टी-२५ आणि इन्सॅनिटी: चाळिशीच्या गुडघ्यांसकट रिव्ह्यू

आधीच सांगते, इन्सॅनिटी हा घरी व्हिडिओ लावून करायचा व्यायामाचा प्रोग्रॅम भारी आहे, पण तो पहिलीच्या वर्गात दहावीचा पेपर दिल्यासारखा आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू दोन प्रोग्रॅमचा मिळून आहे, टी-२५ आणि इन्सॅनिटी, आणि त्याच क्रमाने. दोन्ही शॉन टी या अमेरिकन ट्रेनरचे, कंपनी बीचबॉडी. इन्सॅनिटी आली २००९ ला, टी-२५ आलं २०१३ ला, म्हणजे जुनेच आहेत, पण पुण्यात प्रत्येक सोसायटीत कुणाचा तरी मुलगा अमेरिकेत असतोच, आमच्या सोसायटीतल्या अशाच एका मुलाच्या कपाटातून दोन्ही डीव्हीडी सेट माझ्याकडे आले. आणि बर्पी (खाली बसून हात टेकायचे, पाय मागे, परत पुढे आणि वर उडी) काय, २००९ ची असो नाहीतर आजची, घाम तोच काढते.

माझी पार्श्वभूमी म्हणजे चाळिशी पार, सिंहगड रोडला फ्लॅट, हिंजवडीला ऑफिस, दिवसभर खुर्ची, वर कॅबमध्ये जो वेळ जातो तो वेगळाच. रविवारी कधी सिंहगड चढायचा, आणि चढताना काही नाही पण उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कुरकुर. हे उतरतानाचं दुखणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

आता इन्सॅनिटी नक्की काय आहे ते. ६० दिवस, आठवड्यातले ६ दिवस. नेहमीच्या इंटरव्हल ट्रेनिंगमध्ये थोडा वेळ जोरात आणि जास्त वेळ हळू असं असतं, इथे बरोब्बर उलटं, साधारण ३ मिनिटं जीव खाऊन आणि मग फक्त ३० सेकंद विश्रांती. वजनं नाहीत, मशीन नाही, सगळं अंगाच्या वजनावर, आणि त्यातलं बरंचसं म्हणजे उड्या. नुसता वॉर्मअपच बघा, जागेवर जॉगिंग, जंपिंग जॅक्स, मग ते हाइसमन म्हणजे एका पायावर बाजूला उडी घेऊन दुसरा गुडघा वर, मग टाचा मागे मारत पळणं, मग हाय नीज म्हणजे गुडघे उंच उचलत पळणं, आणि हे सगळं संपलं की परत पहिल्यापासून जास्त स्पीडने, मग परत अजून जास्त स्पीडने. ज्याला हा माणूस वॉर्मअप म्हणतो तो बऱ्याच लोकांचा पूर्ण व्यायाम आहे. स्ट्रेचिंग त्याच्यानंतर.

मग अडचण कुठे? दमात नाही. दम फार लवकर वाढतो, दोन-चार आठवड्यांत फरक कळतो आणि माणसाला वाटतं आपण तयार झालो. स्नायू त्याच्या मागून येतात, आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा भाग, तो सगळ्यात सावकाश, त्याला महिनोन्‌महिने लागतात. तर जेव्हा छाती म्हणत असते की चल अजून एक राउंड, तेव्हा गुडघा आणि टाचेमागची शीर अजून मागच्याच महिन्यात असतात. दुखापती होतात त्या ह्याच फटीत. माझ्या मते इन्सॅनिटीच्या कॅलेंडरमध्ये ह्या फटीला जागाच नाही, पहिल्या दिवशी फिट टेस्ट आणि त्यातच पॉवर जंप्स, म्हणजे खाली बसून गुडघे वर घेत उड्या.

टी-२५ मला म्हणूनच आवडलं. रोज २५ मिनिटं, स्क्रीनवर घड्याळ उलटं चालू, आठवड्यातले ५ दिवस, शुक्रवारी मात्र दोन व्हिडिओ. आधी अल्फा ५ आठवडे, मग बीटा ५ आठवडे. आणि ह्यातली सगळ्यात कामाची व्यक्ती शॉन टी नाही, बाजूला उभी असलेली तानिया. ती पूर्ण वेळ तोच व्यायाम उडी न मारता करून दाखवते. जंपिंग जॅकच्या जागी एकेक पाय बाजूला, बर्पीत मागे उडी न घेता एकेक पाय मागे टाकायचा (सूर्यनमस्कारात टाकतो तसाच), स्क्वॉट जंपच्या जागी स्क्वॉट करून टाचा उचलायच्या. मी पूर्ण अल्फा तानियाबरोबर केलं आणि तरी घामाने टीशर्ट पिळून निघायचा. तिच्याकडे बघून करणं कमीपणाचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांना एकदा करू दे, मग बोलू.

टी-२५ ची खोट अशी की वेगळा असा नीट वॉर्मअप नाही, २५ मिनिटांत बसवायचं म्हणून लगेच सुरू. ऑफिसमधून येऊन थेट चालू केलं तर सांधे आखडलेलेच असतात. मी आधी ५-७ मिनिटं घरातच फेऱ्या, घोटे फिरवणं, खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, एवढं करते.

एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत नाही आणि ती मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितली. उड्या मारायच्या आधी पाय उड्या झेलण्याइतके मजबूत पाहिजेत. त्यासाठी आठवड्यातले दोन-तीन दिवस जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून टाचा वर-खाली (आधी दोन्ही पायांवर, मग एकेका), ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची), आणि एक पाय पायरीवर ठेवून दुसरा सावकाश खाली टेकवायचा, चार आकडे मोजत. हा शेवटचा व्यायाम म्हणजे गड उतरण्याचीच प्रॅक्टिस, मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होता वजन धरतो, उतरताना जी कुरकुर होते ती बऱ्याचदा तिथल्या कमकुवतपणामुळे असते. माझ्या बाबतीत ह्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या क्रीमने किंवा नी-कॅपने नाही पडला.

दुखण्याचा हिशोबही त्यांचाच. १० पैकी २-३ इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं तर चालेल. सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखतंय तर काल जास्त झालं, त्या दिवशी उड्या बंद. सूज आली, गुडघा अडकला किंवा चालता चालता दगा देतोय असं वाटलं तर व्हिडिओ वगैरे राहू दे, हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं वेगळं, "अगं, इतकं नाचू नकोस, वापरून वापरून झिजतात गुडघे". त्यांच्या पिढीत सगळेच असं म्हणतात. पण नुसतं वापरल्याने झिजत नाहीत, कूर्चेला दाब पडायचा आणि सुटायचा, हेच तिचं पोषण आहे. त्रास होतो तो एकदम वाढवलेल्या भाराने. सासूबाईंना हे पटलेलं नाही, सांगून ठेवते.

आता फरशी. आपल्याकडे घरोघरी व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यावर पातळ योगा मॅट टाकून उडी मारली की मॅट एकीकडे आणि आपण दुसरीकडे. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या जाड चौकटी मिळतात त्या बऱ्या, पण फार मऊ घेऊ नका, घोटा डुगडुगतो. आणि बूट! घरात बूट हा विषय आमच्याकडे देवघरासमोर चर्चेला आला होता. शेवटी फक्त घरातच वापरायचा एक वेगळा जोड, बाहेर पाऊल नाही, ह्यावर तह झाला. उड्यांसाठी बूट लागतातच, निदान मला.

उडी नीट उतरते का नाही हे ओळखायचं कसं, तर आवाजावरून. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन म्हणाले होते, "काही कुटताय का? नाही, कुटा, फक्त वेळ सांगा". त्यानंतर मी आवाज न करता उतरायला शिकले, आधी चवडा, मग टाच, गुडघे आणि कंबर दोन्ही वाकवून, आणि गुडघे आत न जाऊ देता पायाच्या बोटांच्या दिशेने. मोबाईल समोर ठेवून शूटिंग करा, गुडघे आत जातात ते आपल्याला कधीच जाणवत नाही, व्हिडिओत मात्र लगेच दिसतं.

बीटा संपल्यावर मी इन्सॅनिटीचा नुसता वॉर्मअप आणि स्ट्रेचिंग एक दिवसाआड केलं, बरेच आठवडे. मग पूर्ण व्हिडिओ, पण उड्यांचे दोन दिवस कधीच लागोपाठ नाही, मधल्या दिवशी चालायला तळजाई टेकडी नाहीतर पायऱ्यांचे व्यायाम. त्यामुळे ६० दिवसांचं कॅलेंडर माझं त्याच्या दुपटीपेक्षा लांबलं, लांबू दे. शॉन टीबद्दल एक चांगलं म्हणजे तो स्वतः सारखा सांगतो की फॉर्म बिघडला की थांबा, आणि मागची तयारीची पोरंसुद्धा थांबतात, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकतात. ते बघून बरं वाटतं. पण सोपा प्रकार दाखवणारी तानिया इथे नाही, टी-२५ मध्ये शिकलेलं आपणच इथे वापरायचं.

मनगटांबद्दल थोडंसं. पुशअप जॅक्स (पुशअप मारता मारता पाय उडीने फाकवायचे) आणि प्लँकमध्ये (हातांवर अंग ताठ धरून राहायचं) दिवसभर माऊस धरणाऱ्यांची मनगटं बोलायला लागतात. आधी ओट्याला हात टेकून पुशअप्स, मग दिवाणाला, मग जमिनीवर, असं उतरत या. डंबेल असतील तर त्यांच्या दांड्या धरून प्लँक करा, मनगट सरळ राहतं.

मार्क द्यायचे तर टी-२५ ला ५ पैकी साडेचार, अर्धा वॉर्मअपचा कापला. इन्सॅनिटीला साडेतीन, तयारी असलेल्यांसाठी चार. वजन खूप जास्त असेल, गुडघ्याचं जुनं ऑपरेशन असेल किंवा बाळंतपणाला फार दिवस झाले नसतील तर दोन्ही नको, आधी डॉक्टरांना विचारा. आणि सेकंड हँड सेट घेत असाल तर सगळ्या डिस्क चालतात का ते तिथेच लॅपटॉपवर लावून बघा, आमच्या सेटमधली टी-२५ ची एक डिस्क मध्येच अडकते, नेमकी शुक्रवारची.