दुर्मिळ गाठीच्या रुग्णांचा आधारगट: काही महिन्यांच्या अनुभवानंतर

माझ्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर 'ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर, प्रौढ प्रकार' असं लिहिलं होतं. अंडाशयाच्या शंभर कर्करोगांपैकी साधारण २ ते ५ या जातीचे असतात. ऑपरेशन झालं, टाके निघाले, आणि मग प्रश्नांची रांग लागली. तेव्हापासून मी दोन आधारगटांत जाते. एक अंडाशयाच्या सगळ्या कर्करोगांसाठीचा, दुसरा फक्त याच गाठीच्या रुग्णांचा, व्हिडिओ कॉलवर भरणारा. नुकतंच निदान झालेल्या बायकांना उपयोग होईल म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

मोठ्या गटात माया भरपूर मिळाली. पाळी एकाएकी बंद झाल्यावर अंगातून निघणाऱ्या वाफा, नवऱ्याच्या जवळ जाण्याची भीती, कामावर परतल्यावर लोकांच्या नजरा, यावर तिथे जेवढं मोकळं बोलले तेवढं सख्ख्या बहिणीशीही बोलले नव्हते. त्यासाठी तो गट मी सोडणार नाही.

माहितीसाठी मात्र तो मला पुरला नाही. तिथे सगळ्यांचं लक्ष सीए-१२५ या रक्ततपासणीच्या आकड्याकडे. आमच्या गाठीत तो आकडा भरवशाचा नसतो. इनहिबिन बी आणि एएमएच ही रक्तातली संप्रेरकं बघावी लागतात. ही गाठ बीजाभोवतीच्या, संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून येते. त्यामुळे अंगात इस्ट्रोजेन वाढतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आणि पाळी गेल्यावरही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अस्तराची तपासणीही महत्त्वाची. नेहमीच्या अंडाशयाच्या कर्करोगाचे जगण्याचे तक्ते मी रात्र रात्र वाचत होते, ते मुळात माझ्या आजाराचे नव्हतेच. हे मला छोट्या गटात कळलं.

छोट्या गटातल्या पहिल्याच बैठकीत एका ताईंनी विचारलं, "स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्यात का?" ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या गाठींसारखी दिसू शकते, म्हणून हा प्रश्न. प्रौढ प्रकारच्या जवळजवळ सगळ्या गाठींत फॉक्सएल२ या जनुकात एकच ठरावीक बदल असतो, हे २००९ मध्ये समोर आलं; शंका असेल तिथे ती तपासणी कामी येते. गाठीचे तुकडे मेणात घालून केलेले ब्लॉक जपून ठेवलेले असतात आणि ते मागता येतात, हेही तिथेच समजलं. माझं ऑपरेशन झालं तिथे ब्लॉक द्यायला बरीच टाळाटाळ झाली, पण मी मागे हटले नाही. दुसऱ्या तपासणीत निदान तेच आलं, आणि मन शांत झालं. गाठ काढताना फुटली होती का, हे विचारायलाही गटानेच सांगितलं. त्यावर आजाराचा टप्पा १ए की १सी हे ठरतं.

आता या गटाची अवघड बाजू. हा आजार फार उशिरा, कधी वीस वर्षांनीही उलटतो. अशा उलटलेल्या आजाराच्या गोष्टी बैठकीत ओळीने ऐकल्या की झोप उडते. सुरुवातीला माझी उडालीच. पण अशा गटात टिकून कोण राहतं, याचा विचार करा. ज्यांचा आजार परत आला त्या येत राहतात. ज्या बऱ्या आहेत त्या हळूहळू आपापल्या संसाराला लागतात आणि दिसेनाशा होतात. म्हणून गटातलं चित्र खऱ्यापेक्षा काळं दिसतं. बहुतेक जणींची गाठ पहिल्या टप्प्यातच सापडते आणि त्यांचा पुढचा अंदाज चांगला असतो. संयोजकांनी हे नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

आमच्या संयोजक चांगल्या आहेत. कुणी आहाराने गाठ विरघळल्याचं सांगू लागलं की तिथेच थांबवतात. केमो घ्यावी की नाही यावर डॉक्टरांचीही मतं वेगळी पडतात, कारण एवढ्या दुर्मिळ आजारात मोठे अभ्यास होणं कठीण. तो निर्णय गटात होत नाही. तिथे फक्त डॉक्टरांना काय विचारायचं ते पक्कं होतं. स्त्रीरोगांच्या कर्करोगात काम करणारे सर्जन-ऑन्कोलॉजिस्ट गाठा, हा आग्रह मात्र सगळ्यांचा असतो, आणि तो मला पटतो.

जायचं ठरवलंत तर पॅथॉलॉजी रिपोर्टची पूर्ण प्रत जवळ ठेवा, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. इनहिबिनची तपासणी शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये करा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. आणि अजून पाळी येत असेल तर हे आकडे तेवढ्यानेही बदलू शकतात, त्यामुळे एका रिपोर्टवरून घाबरण्याआधी डॉक्टरांशी बोला.