टेलर जीएस मिनी : घरात पोरं आणि डोक्यात कंट्री असेल तर

कंट्री म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या वळणाची गाणी लिहायची, गायची आणि घरात लहान मुलंही आहेत, अशा वेळी गिटार निवडताना आवाजाचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न हा की ती बॅगेतून न काढता हाती येते का? रात्री साडेनऊला मूल झोपतं आणि दहाला आपल्यालाच पेंग येते. त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं चेन उघडण्यात आणि सूर लावण्यात गेली, तर सुचलेली ओळ तशीच विरते. 2010 पासून मिळणारी टेलर या अमेरिकन कंपनीची छोटी गिटार जीएस मिनी भिंतीवरच्या हुकाला टांगून ठेवावी, इतकी आटोपशीर आहे. तिच्याकडून काय मागायचं नाही, तेवढं मात्र माहीत हवं.

नटापासून (गळ्याच्या टोकाची खाच) ब्रिजपर्यंत (पेटीवरची तारा अडकवायची पट्टी) तारेची लांबी 23.5 इंच, टेलरच्या मोठ्या गिटारींची 25.5. हे दोन इंच लहान वाटतात, पण त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर ताण साधारण 15 टक्क्यांनी कमी होतो. म्हणूनच हिला मीडियम म्हणजे 13-56 चा सेट लागतो (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). हिच्यावरची 13 ची तार बोटाला जवळपास मोठ्या गिटारवरच्या 12 सारखीच लागते. पुष्कळ जण बोटं दुखतील म्हणून 11 चा सेट चढवतात आणि मग सगळ्या तारांवर जोरात हात फिरवला की सैल पडलेल्या जाड तारा फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खडखडतात, अशी तक्रार करतात. यात दोष गिटारचा नाही. आपल्या गळ्याला झेपावं म्हणून तारा अर्धा सूर उतरवून गाणाऱ्यांनी तर 13 च्या खाली जाऊच नये.

कंट्रीचा ठेका म्हणजे बूम-चिक : अंगठ्याने खर्जाची तार, लगेच खालच्या तारांवर झटका. यातलं ‘चिक’ हिच्यावर झकास वाजतं. ‘बूम’ मात्र अर्धंच. पेटी लहान असल्यामुळे सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा खर्ज ड्रेडनॉट या मोठ्या पेटीच्या गिटारसारखा छातीत घुमत नाही. त्यावर उपाय असा की जी कॉर्डला सहावी आणि चौथी तार आलटून-पालटून घ्या, पिक (तार छेडायची चकती) ब्रिजपासून थोडं लांब, साउंडहोलच्या म्हणजे पेटीवरच्या गोल भोकाच्या गळ्याकडच्या कडेवर चालवा. कार्टर पद्धतीला, म्हणजे अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल आणि बोटांनी वर ठेका, ही गिटार चांगली साथ देते, कारण प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. त्या पद्धतीची मूळ वादक मेबल कार्टर 1927 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी पहिल्या रेकॉर्डिंगला गेली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. मुलगी हेलन सप्टेंबरमध्ये झाली. मिनीची पेटी साडेचार इंचांपेक्षा कमी खोल आणि रुंदीलाही लहान आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बसून वाजवताना हा फरक खांद्याला कळतो.

रात्रीच्या रियाजासाठी फोमची एक पट्टी कापा. तारांखाली, ब्रिजला अगदी चिकटून सरकवा. आवाज दबका, टकटक असा येतो, ठेका कळतो आणि शेजारच्या खोलीतलं मूल उठत नाही. फोम फार जाड असेल तर तारा वर उचलल्या जातात आणि सूर चढतो, म्हणून नुसता टेकेल एवढाच ठेवा. पिक 0.5 मिमीचं किंवा सरळ अंगठा.

पाठ आणि बाजू थर चिकटवलेल्या लाकडाच्या आहेत, सलग फळी फक्त वरची. ‘प्लायवुड’ म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. तीनचाकी सायकल येऊन आपटली तर सलग लाकडाला चीर जायची भीती असते, इथे बहुतेकदा खोक पडून भागतं. वरची फळी मात्र हवेची नाटकं करतेच. तिला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. अमेरिकेतल्या थंडीत हीटरमुळे हवा कोरडी होते, फळी आत बसते आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नेमकं उलट : फळीचं पोट फुगतं, तारा वर जातात, कॉर्ड दाबायला जड होतात. तेवढे चार महिने तिला भिंतीवरून उतरवून बॅगेत आर्द्रता सांभाळणाऱ्या पाकिटासोबत ठेवणंच बरं.

पिकअपवालं (स्पीकरला जोडता येणारं) मॉडेल, म्हणजे मिनी-ई घेण्याआधी एका गोष्टीचा विचार करा. त्यातली ईएस-बी ही पिकअपची यंत्रणा बटन सेलवर चालते. रांगणारं मूल घरात असेल तर हे सेल फार घातक. गिळले गेले तर अन्ननलिका काही तासांत भाजते. सूर लावायच्या क्लिपवाल्या ट्यूनरमध्येही बहुधा तेच सेल असतात. त्यापेक्षा साधी मिनी घ्यावी आणि साउंडहोलमध्ये बसणारा, सेल न लागणारा ईएस-गो पिकअप मिळतो का ते दुकानात विचारावं. छिद्रं पाडावी लागत नाहीत, स्क्रूड्रायव्हर पुरतो.

स्टेजवर? ओपन माइकच्या, म्हणजे कुणीही येऊन गावं अशा कार्यक्रमातल्या, दोन गाण्यांना उत्तम. कंट्रीची राजधानी नॅशव्हिल, तिथल्या लोअर ब्रॉडवे या रस्त्यावरचे बार चार-चार तासांच्या पाळ्या लावतात. कमाई मुख्यतः टिपवर. सकाळी 10 ते दुपारी 2 ची पाळी शाळकरी मुलांच्या आईबापांना सोयीची, पण तिथे ड्रम आणि टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारसमोर मिनीचा आवाज मधल्या पट्टीत अडकून हरवतो. त्या नोकरीला ही गिटार नेऊ नका.

घरात एकच गिटार परवडणार असेल आणि तिच्यावरच पोटही भरायचं असेल, तर यामाहा एफजी 800 बघा. वरची फळी तिचीही सलग, पेटी मोठी, किंमत मिनीपेक्षा बरीच कमी. स्वस्त गिटारचा संकोच नको. 1953 साली चार मुलांची आई असलेल्या, पुढे कंट्रीची मोठी गायिका झालेल्या लोरेटा लिनला नवऱ्याने आणून दिलेली हार्मनी कंपनीची गिटार 17 डॉलरची होती.

मिनीच पसंत पडली तर दुकानात मोजपट्टी घेऊन जा. 12 व्या फ्रेटवर जाड तारेखालचं अंतर 2.5 मिमीपेक्षा जास्त भरलं, तर सेटअप करून, म्हणजे तारांची उंची जुळवून द्यायला सांगा आणि मगच पैसे मोजा.