माजुलीच्या चांगघरातला मुक्काम

आसाममधील जोरहाटजवळच्या निमातीघाटावरून फेरीबोटीने ब्रह्मपुत्रेतील माजुली बेटावर पोहोचल्यावर मिसिंग जमातीच्या एका कुटुंबाच्या चांगघरात, म्हणजे खांबांवर उभारलेल्या बांबूच्या घरात, राहण्याची सोय अतिशय चांगली झाली. जेवणही चविष्ट होते. या सेवेचे खरे मोल यजमानांनी घडवलेल्या फेरीत आहे. १९५० च्या भूकंपानंतर गाळाने उथळ झालेले ब्रह्मपुत्रेचे पात्र आणि हवामानबदलामुळे अधिक लहरी झालेला पाऊस यांमुळे काठ कसा ढासळतो, हे त्यांनी ताज्या तुटलेल्या दरडीजवळ नेऊन दाखवले. याच धूपीमुळे अनेक सत्रांना, म्हणजे वैष्णव मठांना, बेट सोडावे लागले, हे ऐकून मन विषण्ण होते. सामागुरी सत्रात बांबूच्या सांगाड्यावर माती-शेणाचे थर चढवून मुखवटे घडतात. ते पाहायला फारच थोडा वेळ दिला, ही उणीव खटकली. पुराच्या दिवसांत फेरीबोटींचा भरवसा नसतो, म्हणून हिवाळ्यातच जावे.